वॉल्टर व्हाइट पाच सीझनमध्ये बदलतो म्हणजे नेमकं काय बदलतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे की तुम्ही तीन सीझनची क्राईम सिरीज लिहिताय, सहकारी पतसंस्थेतला एक सरळमार्गी अकाउंटंट हळूहळू पक्का गुन्हेगार होतो, आणि ज्यांना ज्यांना नरेशन दिलं ते सगळे म्हणतायत की बदल अचानक वाटतो. मग 'ब्रेकिंग बॅड' या अमेरिकन सिरीजमध्ये कॅन्सर झाल्यावर मेथ हे ड्रग बनवायला लागलेल्या वॉल्टर व्हाइटच्या बाबतीत तसं का वाटत नाही, तिथे लेखकांनी काय वेगळं केलंय?

मी बरीच वर्षं टीव्ही मालिका आणि नंतर वेब सिरीज लिहितोय, आणि नवीन लेखकांना शिकवताना ही सिरीज सीन बाय सीन उघडून दाखवतो, त्यामुळे उत्तर लांब होणार आहे. सिरीज पाहिली नसेल तर इथेच थांबा, पुढे सगळं फुटणार आहे.

नायकाला हळूहळू खलनायक करायचं हे सिरीजचा कर्ता विन्स गिलिगनने सुरुवातीलाच ठरवलं होतं, ते त्याने अनेकदा सांगितलंय. पण म्हणून बहुतेक लोक वॉल्टचा बदल स्वभावाच्या ग्राफसारखा काढतात, आधी गरीब बिचारा केमिस्ट्रीचा मास्तर, मग थोडा वाईट, मग जास्त वाईट, मग एकदम राक्षस. हा ग्राफ सिरीजच्या बायबलमध्ये, म्हणजे कथेच्या आराखड्यात, छान दिसतो, पण त्यातून एकही सीन निघत नाही, कारण 'थोडा जास्त वाईट' हे कोणी अ‍ॅक्ट करू शकत नाही आणि लिहूही शकत नाही. मला विचाराल तर त्या रायटर्स रूमने स्वभाव ट्रॅक केलाच नाही, त्यांनी सबब ट्रॅक केली. म्हणजे प्रत्येक वाईट कृत्याच्या वेळी वॉल्टकडे स्वतःला सांगायला काय सबब आहे, ती किती खरी आहे, कृत्याच्या आधी येते की नंतर, आणि ती त्याची त्याला सुचते की दुसरं कोणीतरी हातात आणून देतं. माणूस बऱ्यापैकी तोच राहतो, सबब मात्र सीझनगणिक स्वस्त होत जाते. हे एकदा दिसलं की सिरीज परत पहिल्यापासून बघाविशी वाटते.

त्याने केलेले खूनच ओळीने बघू.

पायलटमध्ये, म्हणजे पहिल्या एपिसोडमध्ये, आरव्हीत, मेथ बनवायच्या त्या मोठ्या गाडीत, विषारी गॅस करून तो एमिलिओ नावाच्या डीलरला मारतो, पण तिथे डोक्याला बंदूक लावलेली आहे, तो स्वसंरक्षणाचा भाग. खरा पहिला खून त्याच्या साथीदाराचा, क्रेझी-८ चा, पहिल्या सीझनचा तिसरा एपिसोड. यासाठी जवळजवळ अख्खा एपिसोड दिलाय. तळघरात खांबाला सायकलच्या लॉकने बांधलेला माणूस, वॉल्ट त्याला सँडविच नेऊन देतो, बिअर देतो, गप्पा मारतो, गप्पांतून कळतं की मुलाचा पाळणा वॉल्टने याच्याच वडिलांच्या फर्निचरच्या दुकानातून घेतला होता. आणि वॉल्ट चक्क कागदावर दोन रकाने आखून यादी करतो, मारायचं का नाही मारायचं. 'नाही'च्या बाजूला भरपूर मुद्दे, खून चुकीचा असतो, तू खुनी नाहीस, नंतर स्वतःबरोबर जगता येणार नाही वगैरे, आणि 'हो'च्या बाजूला एकच, सोडलं तर तो तुझ्या सगळ्या कुटुंबाला मारेल. तरीही तो सोडायचं ठरवतो! मग कचऱ्यातले फुटलेल्या प्लेटचे तुकडे जुळवताना लक्षात येतं की एक लांब टोकदार तुकडा गायब आहे, म्हणजे तो क्रेझी-८ ने लपवलाय. आणि तेव्हा मारतो, मारताना सॉरी सॉरी म्हणत राहतो. इथे सबब शंभर टक्के खरी आहे, प्रेक्षकाने स्वतः तपासलेली आहे, आणि तरी त्याला इतका वेळ लागतो.

दुसऱ्या सीझनमध्ये जेन. वॉल्टबरोबर मेथ बनवणाऱ्या जेसीची गर्लफ्रेंड, तिने वॉल्टला ब्लॅकमेल करून जेसीचा पैशाचा वाटा वसूल केलेला. वॉल्ट नशेत पडलेल्या जेसीला हलवून उठवायला बघतो, त्या हलवण्यात ती उताणी होते, उलटी होऊन गुदमरायला लागते, तो मदतीला पुढे जातो आणि थांबतो. बस्स, थांबतो. पहिल्या कल्पनेत वॉल्ट याहून जास्त काहीतरी करणार होता, स्वतःहून तिला मारणार होता, आणि हे इतक्या लवकर नको असं चर्चेतून ठरलं. ही चर्चा म्हणजे आपल्या धंद्यातलं सोनं आहे हो. कारण 'काहीच न करणं' ही त्या क्षणी त्याच्या सबबीची मर्यादा आहे. मी मारलं नाही, मी फक्त तिथे होतो. आणि तो रडतो, तोंडावर हात घेऊन. वॉल्ट झालेल्या ब्रायन क्रॅन्स्टनचा तो एक मिनिटाचा चेहरा बघा, पुढे जाऊन जेसीला वाचवायला हवं होतं, पैसा वाचवायला हवा होता, असं तो स्वतःला काय काय सांगेल ते सगळं त्यात दिसतं.

तिसऱ्या सीझनच्या शेवटाकडे दोन डीलरना तो गाडीखाली घेतो, उरलेल्याला डोक्यात गोळी घालतो आणि जेसीला म्हणतो, पळ. यादी नाही, रडणं नाही, काही सेकंदांचा कारभार. सबब अजून भक्कम आहे, ते दोघं जेसीला मारणार होते. पुढच्याच एपिसोडमध्ये गेल, वॉल्टची जागा घ्यायला तयार केलेला केमिस्ट, आणि इथे पहिल्यांदा हात दुसऱ्याचा आहे. वॉल्ट फोन करतो, गोळी जेसी झाडतो. सबब, तो जगला तर आपण दोघं मरू, हीसुद्धा खरीच.

चौथ्या सीझनमध्ये गस फ्रिंगला, ज्याच्यासाठी तो मेथ बनवतो त्यालाच, मारायचंय आणि त्यासाठी जेसीला आपल्या बाजूला वळवायचंय, म्हणून तो जेसीच्या मैत्रिणीच्या ब्रॉक नावाच्या लहान मुलाला विष घालतो, आणि हे आपल्याला शेवटच्या शॉटमध्ये कळतं, घरामागच्या कुंडीवरच्या लिली ऑफ द व्हॅली या विषारी झाडाच्या चिठ्ठीवर कॅमेरा जातो तेव्हा. गसने बायको, मुलगा, तान्ही मुलगी सगळ्यांना मारायची धमकी दिलेली असते, म्हणजे सबब आहेच, पण ती सबब आणि हे कृत्य आता एकमेकांच्या मापाची राहिलेली नाहीत. आणि लेखकांनी बघा काय केलं, निर्णयाचा सीनच दाखवला नाही. क्रेझी-८ च्या वेळी निर्णयाचा प्रत्येक मिनिट दाखवला होता, ब्रॉकच्या वेळी काही नाही. आता त्याला विचार करायला वेळ लागत नाही हे सांगायला याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

पाचव्या सीझनमध्ये माइक, आधी गसचा माणूस आणि आता वॉल्टचा पार्टनर. माइक त्याला तोंडावर सांगतो की सगळं नीट चाललं होतं, तुझ्या अहंकाराने वाट लावली, आणि वॉल्ट रागाच्या भरात गोळी घालतो. माइकच्या तुरुंगातल्या नऊ माणसांची नावं हवी होती म्हणून, आणि गोळी घातल्यानंतर मरणाऱ्या माइकला म्हणतो की अरे ती नावं धंद्यातल्या लिडियाकडूनही मिळाली असती. इथे सबब पहिल्यांदा नंतर येते आणि आल्या आल्या निकामी होते. माझ्या मते पाचही सीझनमधला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हा आहे, जेन किंवा ब्रॉकपेक्षाही, आणि लोक तो पटकन पुढे सरकवतात.

त्याच्या पुढच्या एपिसोडमध्ये तीन तुरुंगांत ती नऊ आणि त्यांचा वकील अशी दहा माणसं दोन मिनिटांत मारली जातात आणि वॉल्ट खिडकीपाशी उभा राहून घड्याळ बघतो. संपूर्ण एपिसोड लागला होता एका माणसाला, आता दोन मिनिटांत दहा. ते घड्याळ जेसीने ५१ व्या वाढदिवसाला दिलेलं.

आता तुमच्या प्रश्नासाठी सगळ्यात कामाची गोष्ट. ही सबब पहिल्यापासूनच खोटी असल्याचा पुरावा लेखकांनी पहिल्या सीझनच्या पाचव्या एपिसोडमध्येच ठेवून दिलाय. जुना पार्टनर एलियट कॅन्सरच्या उपचाराचा सगळा खर्च करायला तयार होतो. म्हणजे 'कुटुंबासाठी पैसे हवेत' हे कारण तिथेच संपतं, कायदेशीर रस्ता समोर उघडा आहे, आणि वॉल्ट नाही म्हणतो. पहिल्यांदा बघताना आपल्याला ते स्वाभिमान वाटतं, आपण त्याच्या बाजूने असतो. पाचव्या सीझनमध्ये तो जेसीला सांगतो की एलियटबरोबर काढलेल्या कंपनीतला वाटा त्याने ५,००० डॉलरला विकला होता आणि आज ती कंपनी २.१६ अब्ज डॉलरची आहे, तो दर आठवड्याला तो आकडा बघतो. तेव्हा कळतं की तो पाचव्या एपिसोडमधला नकार काय होता. बदल अचानक न वाटण्याचं मुख्य कारण हेच, शेवटचा वॉल्ट पहिल्या सीझनमध्ये हजर आहे, फक्त आपण त्याला दुसऱ्या नावाने ओळखत होतो.

दुसरं म्हणजे सबबीला आकडा दिला. दुसऱ्या सीझनच्या पहिल्याच एपिसोडमध्ये वॉल्ट हिशोब मांडतो, मुलांचं कॉलेज, घराचं कर्ज, महागाई, आणि आकडा काढतो ७,३७,००० डॉलर. इतके झाले की थांबायचं. आता प्रेक्षकाच्या हातात मोजपट्टी आली ना! आकडा पार झाला की प्रेक्षक स्वतःच विचारतो की मग आता का. पाचव्या सीझनमध्ये त्याची बायको स्कायलर त्याला गोदामात रचलेल्या नोटांच्या ढिगापाशी नेते आणि विचारते की अजून किती मोठा व्हायला हवाय हा ढीग, तेव्हा त्या प्रश्नाला वजन येतं ते त्या जुन्या आकड्यामुळे. तुमच्या अकाउंटंटला तर आकडा असायलाच हवा, तो अकाउंटंट आहे!

तिसरं, सबब मेली की ती जिवंत कशी करायची. दुसऱ्या सीझनमध्ये वॉल्टचा कॅन्सर आटोक्यात येतो, म्हणजे मूळ कारणच गेलं. बातमी चांगली, आणि हा माणूस बाथरूममध्ये जाऊन टॉवेलच्या डब्यावर गुद्दे मारतो. (तो सीन कितीही वेळा बघितला तरी अंगावर येतो, मरणार म्हणून मिळालेली सूट काढून घेतल्याचा राग आहे तो.) मग तिसऱ्या सीझनमध्ये तो धंदा सोडायला निघालेला असतो, आणि गस त्याला लॅब दाखवतो आणि म्हणतो की पुरुष कुटुंबासाठी कमावतो, कोणी कदर केली नाही तरी कमावतो. बघा, सबब आता बाहेरून आली, शत्रूने तयार करून हातात दिली, कारण गसला या माणसाचं दुखणं बरोबर कळलंय. आपल्याकडे लेखक इथेच गडबडतात, पात्राला पुढे ढकलायला नवीन संकट आणतात, कोणाचं तरी अपहरण, कोणाचा तरी अपघात. इथे संकट नाही, आमिष आहे, आणि ते पात्राच्या नेमक्या भुकेला लावलेलं आहे.

डेली सोपमध्ये काम केलेल्या आम्हा लोकांना ही सवय मोडायला त्रास होतो हे खरंय. तिथे चॅनलकडून सांगितलं जातं की अमुक पात्र निगेटिव्ह करा, ट्रॅक बदलतो, नाहीतर सरळ लीप घेतला जातो आणि लीपनंतर माणूस वेगळाच होऊन येतो. रोजच्या एपिसोडच्या रेट्यात त्याला पर्याय नसतो. आणि दुसऱ्या टोकाला आपली 'सीआयडी', १९९८ पासून, जिथे प्रत्येक केस सुटी, शिवाजी साटमांचा एसीपी प्रद्युम्न कुठल्याही वर्षी कुठलाही एपिसोड लावला तरी ओळखीचाच असतो, आणि त्यातच त्या मालिकेचा जीव होता, कारण मधूनच लावणाऱ्या माणसालाही सगळं कळायला हवं. सलग बदलणारं पात्र प्रेक्षक सुरुवातीपासून बघेल अशी खात्री असेल तरच परवडतं. 'ब्रेकिंग बॅड' २००८ ते २०१३ या काळात एएमसीवर आली आणि मागचे सीझन नेटफ्लिक्सवर बघून लोक मिळत गेले, गिलिगनने स्वतः त्याचं श्रेय नेटफ्लिक्सला दिलंय.

आता जेसी, कारण जेसीशिवाय वॉल्टचा बदल कळतच नाही. गिलिगनने सांगितलेलं आहे की सुरुवातीच्या विचारात जेसी पहिल्या सीझनच्या शेवटी मरणार होता. तो सीझन लेखकांच्या संपामुळे सात एपिसोडवर संपला, पण जेसीला ठेवण्यामागे मुख्य कारण होतं जेसी झालेल्या अ‍ॅरन पॉलचं काम आणि क्रॅन्स्टनबरोबरची त्याची केमिस्ट्री. लेखक म्हणून मी याच्याकडे असं बघतो की तो राहिल्यामुळे वॉल्टच्या प्रत्येक पापाचं बिल फाडायला एक माणूस मिळाला. जेनला वॉल्टने मरू दिलं, रिहॅबमध्ये जेसी गेला. गेलला मारायचं वॉल्टने ठरवलं, आणि चौथ्या सीझनच्या सुरुवातीला घरात दिवसरात्र पार्ट्या लावून शांतता टाळत बसला तो जेसी. पाचव्या सीझनमध्ये ट्रेनच्या दरोड्यानंतर टॉड नावाचा त्यांचा साथीदार एका लहान मुलाला गोळी घालतो, त्यानंतर वॉल्ट काम करता करता शीळ घालतो आणि जेसी ते ऐकतो. वॉल्टच्या चेहऱ्यावरून जे पुसलं जातंय ते सगळं जेसीच्या चेहऱ्यावर साचत जातंय. म्हणून मी म्हणतो की एका पात्राचा बदल एकट्या पात्रात लिहिता येत नाही. तुमच्या नरेशनमध्ये अकाउंटंट आहे, त्याची बायको आहे, इन्स्पेक्टर आहे, पण ज्याला त्याच्या कृत्यांचा त्रास होतो असा कोणीच नाहीये, बायकोला तर तिसऱ्या सीझनपर्यंत काही कळतच नाही. हा तुमचा खरा प्रॉब्लेम आहे.

स्कायलरबद्दलही बोलायला हवं. तिला कळतं आणि मग ती स्वतः कार वॉशमधून पैसे पांढरे करते, म्हणजे तीही बदलते, आणि तिच्यावर प्रेक्षकांचा इतका राग का निघाला यावर ती भूमिका करणाऱ्या अ‍ॅना गनने २०१३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहिला होता. प्रेक्षक वॉल्टच्या सबबीला इतके चिकटले होते की ती सबब नाकारणारी बाई त्यांना सहन होईना. लेखकाने हे आधीच ओळखून ठेवावं आणि तरीही त्या बाईला बोलू द्यावं.

छोट्या गोष्टी भरपूर आहेत, पटकन सांगतो. बेकनचे आकडे. पायलटमध्ये ५० व्या वाढदिवसाला स्कायलर प्लेटमध्ये बेकनच्या पट्ट्यांनी ५० हा आकडा मांडते, ५१ व्याला मुलाने आठवण करून दिल्यावर ती नाइलाजाने तुकडे करून मांडते, ५२ व्याला दाढी वाढलेला वॉल्ट रेस्टॉरंटमध्ये एकटा बसून स्वतःच मांडतो. यातून हेही कळतं की टीव्हीवर पाच वर्षं चाललेली गोष्ट वॉल्टच्या आयुष्यात फक्त दोन वर्षांची आहे, आणि तरी घाईची वाटत नाही. मग गाडी, ती पॉन्टियाक अ‍ॅझ्टेक ५० डॉलरला विकून टाकतो. मग गसची सवय, उलटी करण्याआधी गुडघ्याखाली टॉवेल नीट ठेवायची, गस मेल्यावर वॉल्टही तसंच करतो, आणि त्याबद्दल कोणी एक शब्द बोलत नाही.

सगळं आधीपासून ठरलेलं होतं असंही समजू नका. दुसरा सीझन आधी पूर्ण आखला होता, पण पाचव्याच्या सुरुवातीला डिकीतली मशीनगन दाखवली तेव्हा ती कशासाठी वापरायची हे लेखकांना माहीत नव्हतं. त्याच फ्लॅश-फॉरवर्डमध्ये वॉल्टच्या हातात घड्याळ नव्हतं, म्हणून शेवटच्या एपिसोडमध्ये तो घड्याळ काढून पब्लिक फोनवर ठेवून जातो, कंटिन्युइटी सांभाळायला. घटना लवचिक ठेवल्या होत्या आणि सबबीचा हिशोब मात्र कधी सोडला नाही. 'सोप्रानोज' या माफियावरच्या सिरीजमध्ये उलटी पद्धत दिसते, तिचा नायक टोनी सहा सीझन थेरपी घेतो, स्वतःबद्दल सगळं बोलतो आणि तिळमात्र बदलत नाही, शेवटी डॉक्टरच त्याची थेरपी बंद करते. तोही उत्तम मार्ग आहे, पण तुमची गोष्ट ती नाही.

आणि मग शेवट. पाचव्या सीझनच्या चौदाव्या एपिसोडमध्ये हँक, वॉल्टचा ड्रग्सविरोधी खात्यातला साडू, मेल्यावर वॉल्ट जेसीला सांगतो की जेन मरताना मी तिथे होतो, वाचवू शकलो असतो, नाही वाचवलं. तेच कृत्य जे करून तो रडला होता, ते आता दुखवण्यासाठी वापरतो. आणि शेवटच्या एपिसोडमध्ये स्कायलर म्हणते की कुटुंबासाठी केलं हे मला परत ऐकायचं नाही, आणि तो म्हणतो की मी माझ्यासाठी केलं, मला आवडत होतं, मला ते छान जमत होतं. ६२ एपिसोड जी सबब वागवली ती तो स्वतः खाली ठेवतो. त्या क्षणी तो चांगला होत नाही, खोटं बोलायचं थांबतो इतकंच, आणि मला तो सीन म्हणून पटतो.

तर तुमच्या ड्राफ्टसाठी, सीझनचा ग्राफ बाजूला ठेवा. एका कागदावर तुमच्या नायकाची सगळी वाईट कृत्यं ओळीने लिहा, अगदी पहिल्या खोट्या व्हाउचरपासून, आणि प्रत्येकासमोर लिहा की सबब काय, कोणी दिली, आधी आली की नंतर, आणि त्याचा भुर्दंड कोणाला पडला. लागोपाठ दोन ओळींत तेच उत्तर आलं तर मधला एक सीन काढता येतो, आणि दोन ओळींमध्ये मोठी उडी दिसली तर तिथे 'अचानक' वाटतंय. तुम्ही पाठवलेल्या सारांशावरून मला वाटतं ती उडी दुसऱ्या सीझनच्या मध्यात आहे, जिथे तो ठेवीदार म्हातारीच्या नावावर कर्ज काढतो. त्याआधी त्याला कोणीतरी सरळ मार्गाने पैसे देऊ करायला हवं आणि त्याने ते नाकारायला हवं. तो सीन पहिल्या सीझनमध्ये घाला, शक्यतो चौथ्या एपिसोडच्या आत, आणि नकाराचं कारण त्याच्या तोंडून अजिबात सांगू नका. बायकोला पहिल्या सीझनच्या शेवटी कळू द्या. आणि संस्थेतला तो शिपाई, ज्याला तुम्ही दोन सीन दिलेत, त्याला वाढवा, व्हाउचरवर सही त्याचीच घेतली जाते ना, मग पहिली चौकशी त्याचीच होईल.